बेटावरचे विद्यापीठ : मॉरिशसमधील उच्चशिक्षण

मॉरिशस विद्यापीठ समुद्रकिनाऱ्यावर नाही. राजधानी पोर्ट लुईपासून दहा-बारा किलोमीटर आत, मोका जिल्ह्यातल्या रेदुई या पठारी भागात ते वसले आहे. किनारा उन्हात तापत असताना इथे बऱ्याचदा भुरभुर पाऊस असतो. परिसराजवळच राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आहे. फ्रेंच गव्हर्नर बार्तेलमी दाविद यांच्या काळात, १७४९ मध्ये, ही वास्तू उभी राहिली. त्याच भागात १९५३ साली स्थापन झालेली ऊस संशोधन संस्था आहे आणि थोड्याच अंतरावर भारताच्या कर्जसाहाय्याने आकाराला आलेली एबेन सायबर सिटी आहे. वसाहतीची सत्ता, ऊस आणि संगणक यांच्या खुणा इतक्या जवळजवळ क्वचितच सापडतात. परदेशातून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या बेटाचे खरे महत्त्व याच गोष्टीत आहे. इथला इतिहास, कायदा, भाषा आणि निसर्ग वर्गाबाहेर पडताच समोर येतात. ते समजून घेणाऱ्याला पदवीपेक्षा बरेच अधिक मिळते.

बेट आणि माणसे

हिंदी महासागरातले मॉरिशस आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर दूर, मादागास्करच्या पूर्वेला आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. या भूमीला मूळ रहिवासी नाहीत. इथला प्रत्येक माणूस समुद्रमार्गे आलेल्या कोणाचा तरी वंशज आहे. डच १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. १७१५ पासून फ्रेंचांचा अंमल होता. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे मान्य केले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि समाजाचा वरचा थर फ्रेंच, अशी विलक्षण घडी बसली. तिचे परिणाम आजच्या विद्यापीठातही दिसतात.

उसाच्या मळ्यांवर मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी त्याआधीच भारतातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून आलेल्या मजुरांपासून हा ओघ सुरू झाला असे मानतात. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पळून गेलेल्या गुलामांच्या आश्रयाशी जोडलेला ले मॉर्न डोंगर २००८ मध्ये त्याच यादीत आला.

बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतून निघालेल्या मराठी कुटुंबांनी बेटाच्या पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाकोआच्या परिसरात घरे केली. व्यापारासाठी गुजराती आणि चिनी आले. आज लोकसंख्येत जवळपास निम्मे हिंदू, सुमारे एक तृतीयांश ख्रिस्ती आणि सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक मुसलमान आहेत.

विद्यापीठाचा जन्म

स्वातंत्र्य दारात असताना मॉरिशसच्या भवितव्याबद्दल फारशी आशा कोणाला नव्हती. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या बेटाच्या अर्थरचनेवर अहवाल दिला. एकट्या साखरेवर जगणारी अर्थव्यवस्था, वेगाने वाढणारी लोकसंख्या आणि समाजासमाजांतली तेढ पाहून त्यांनी काढलेले निष्कर्ष चिंतेचे होते. त्या काळात वरचे शिक्षण म्हणजे इंग्लंड किंवा फ्रान्सची वाट, आणि ती मोजक्यांसाठीच खुली होती. बारावीच्या तोडीच्या एचएससी परीक्षेत सर्वोत्तम ठरणाऱ्यांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवण्याची प्रथा आजही आहे. अशा विद्यार्थ्यांना 'लॉरिएट' म्हणतात आणि त्यांची नावे जाहीर होतात तो दिवस साऱ्या देशाचा असतो.

या पार्श्वभूमीवर १९६५ मध्ये मॉरिशस विद्यापीठ स्थापन झाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा विद्यापीठ जेमतेम तीन वर्षांचे होते. सुरुवातीला कृषी, प्रशासन आणि औद्योगिक तंत्रज्ञान असे तीनच विभाग होते. साखरेच्या बेटाला शेतीतज्ज्ञ हवे होते, नव्या सरकारला अधिकारी हवे होते आणि येऊ घातलेल्या कारखान्यांना तंत्रज्ञ हवे होते. १९२५ पासून रेदुईतच असलेले कृषी महाविद्यालय विद्यापीठात विलीन झाले. पुढे अभियांत्रिकी, विज्ञान, कायदा व व्यवस्थापन, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या, माहिती तंत्रज्ञान आणि वैद्यकीय शास्त्रे अशा विद्याशाखा उभ्या राहिल्या.

देशाची वाट आणि विद्यापीठाची वाट बरोबरीने चालली. १९७० मध्ये निर्यातक्षेत्राचा कायदा झाला आणि कापडगिरण्या आल्या. नंतर पर्यटन, बँकिंग आणि संगणकसेवा वाढल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, २००५ पासून विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत झाला आणि २०१९ पासून सार्वजनिक विद्यापीठांतली पहिली पदवीही मॉरिशसच्या नागरिकांना मोफत झाली. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र शुल्क भरावे लागते.

आज रेदुईचे विद्यापीठ एकटे नाही. मुक्त विद्यापीठ, तंत्रज्ञान विद्यापीठ आणि फ्रेंच पद्धतीने शिकवणारे मास्कारेन विद्यापीठ या सरकारी संस्था आहेत. ब्रिटनचे मिडलसेक्स आणि ऑस्ट्रेलियाचे कर्टिन या विद्यापीठांनी बेटावर शाखा काढल्या आहेत. आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्त्या दिल्या जातात. शिक्षणासाठी मुले बाहेर पाठवणारा देश आता बाहेरची मुले बोलावू लागला आहे.

भाषांची वाटणी

पहिल्याच आठवड्यात नव्या विद्यार्थ्याला एक गोष्ट जाणवते. व्याख्यान इंग्रजीत होते, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये असते आणि मधल्या सुट्टीतल्या गप्पा क्रिओलमध्ये रंगतात. संसदेची भाषा इंग्रजी असल्याचे संविधानाच्या ४९व्या कलमात म्हटले आहे, मात्र सदस्यांना सभापतींना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा आहे. अध्यापन आणि परीक्षा इंग्रजीत होत असल्याने भारतीय विद्यार्थ्याला वर्गात अडचण येत नाही. ती वर्गाबाहेर येते.

दहापैकी आठ-नऊ घरांत बोलली जाणारी मॉरिशियन क्रिओल गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर घडली. तिचे शब्द बहुतांशी फ्रेंचमधून आले, पण व्याकरण स्वतंत्र आहे. दीर्घकाळ तिला बोलीच्या खाली लेखले गेले. २०११ मध्ये तिच्या लेखनाचे नियम अधिकृत झाले आणि २०१२ पासून ती प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाऊ लागली. या वाटचालीत विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. तिथले भाषाशास्त्रज्ञ आर्नो कार्पूरान यांनी तयार केलेला क्रिओलचा पहिला एकभाषी कोश २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मळ्यांवर घडलेल्या भाषेला कोश, लेखननियम आणि शाळा मिळताना इथल्या विद्यार्थ्यांनी पाहिले आहे. भाषाशास्त्र शिकणाऱ्याला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

क्रिओल शिकण्याचा फायदा मात्र सर्वांनाच आहे. इंग्रजीवर भागवता येते, पण मग घरमालक, बसचा वाहक आणि बाकावरचा सोबती यांच्याशी नाते कामापुरतेच राहते. काही महिने कान देऊन ऐकले की बोलणे जमू लागते, कारण क्रिओलमध्ये क्रियापदे पुरुषानुसार बदलत नाहीत आणि नामांना लिंगभेदाचा जाच नाही.

महात्मा गांधी संस्था आणि मराठी

विद्यापीठापासून जवळच, मोका येथे, महात्मा गांधी संस्था आहे. दक्षिण आफ्रिकेहून भारतात येताना १९०१ मध्ये गांधीजी या बेटावर थांबले होते. त्यानंतर १९०७ मध्ये आलेले बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांनी भारतीय मजुरांचे खटले लढवले. भारत आणि मॉरिशस यांच्या सहकार्यातून ही संस्था उभी राहिली. १९७० मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये त्यांच्याच उपस्थितीत संस्थेचे उद्घाटन झाले. भारतीय भाषा, संगीत, नृत्य, चित्रकला आणि भारतविद्या यांचे शिक्षण इथे मिळते. इथल्या पदव्यांना मॉरिशस विद्यापीठाची जोड आहे.

करारबद्ध मजुरांची कागदपत्रे या संस्थेने जपली आहेत. नाव, वडिलांचे नाव, गाव, जात, वय, उंची, जहाज आणि मळा अशा नोंदींच्या जाड वह्या आणि पुढच्या काळातली छायाचित्रे तिथे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला एका सामान्य मजुराचा ठावठिकाणा गावापासून मळ्यापर्यंत लावता येतो. महाराष्ट्रातून झालेल्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या मराठी संशोधकांसाठी हे दालन मोलाचे आहे आणि त्यात करण्यासारखे काम भरपूर आहे.

मराठी हा या संस्थेतला पदवीचा विषय आहे. प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीने मराठीही ऐच्छिक भाषा म्हणून शिकवली जाते. त्या शाळांना लागणारे शिक्षक इथेच तयार होतात. घरात मात्र बहुतेक मराठी कुटुंबे क्रिओल बोलतात. शाळा, देवळे, मराठी मंडळ्या आणि सरकारच्या नाट्यमहोत्सवातली मराठी नाटके यांच्या आधाराने भाषा टिकली आहे. कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी 'झाकरी' गणपतीत आजही नाचली जाते. गणेश चतुर्थी ही साऱ्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. देशातल्या मराठी समाजाचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या घरात असताना मिळालेला हा मान लक्षात घेण्याजोगा आहे.

बेट शिकवते ते विषय

काही विषय मॉरिशसमध्ये शिकण्याला विशेष अर्थ आहे. त्यांतला पहिला कायदा. १८१०च्या शरणागतीमुळे इथे नेपोलियनच्या संहितेवर आधारलेला दिवाणी कायदा टिकला, तर न्यायालयीन कार्यपद्धती, पुराव्याचे नियम आणि राज्यघटना इंग्रजी वळणाची आहे. अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. दोन भिन्न न्यायपरंपरा एकाच देशात कशा नांदतात हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष निकालांतून अभ्यासता येते.

दुसरा विषय शेती आणि ऊर्जा. युरोपशी झालेल्या करारामुळे १९७५ पासून मॉरिशसच्या साखरेला हमीभाव मिळत होता. युरोपने भाव उतरवले आणि २००९ मध्ये ती व्यवस्था संपली. कारखाने एकत्र करण्यात आले आणि मोजकेच उरले. कच्च्या साखरेऐवजी शुद्ध आणि विशेष प्रकारची साखर बनू लागली आणि चिपाडापासून तयार होणारी वीज राष्ट्रीय जाळ्यात जाऊ लागली. सहवीजनिर्मिती आणि उसाचे अर्थकारण महाराष्ट्रातल्या साखरपट्ट्यालाही परिचयाचे आहे. त्या भागातून आलेल्या विद्यार्थ्याला इथे तुलनेची उत्तम संधी आहे.

तिसरा विषय जीवविविधता. डोडो हा न उडणारा पक्षी डच आल्यानंतर शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. मूळ जंगलांपैकी चांगल्या स्थितीतले जंगल आता दोन टक्क्यांच्या आसपास उरले आहे. पण याच बेटाने पक्षी वाचवूनही दाखवले. मॉरिशस केस्ट्रेल या ससाण्याच्या जातीचे १९७४ मध्ये निसर्गात फक्त चार पक्षी माहीत होते. बंदिस्त पैदास, अंडी उबवणे आणि पिल्ले पुन्हा रानात सोडणे या उपायांनी त्यांची संख्या शेकड्यांत गेली. गुलाबी कबुतराचीही अशीच कहाणी आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान असलेले जंगल आणि इल-ओ-झेग्रेत हे छोटे बेट ही या कामाची ठिकाणे आहेत. बेटावरच्या औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ अमीना गुरीब-फकीम याच विद्यापीठात प्राध्यापक होत्या. २०१५ ते २०१८ या काळात त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या.

चौथा विषय समुद्र. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळखडकावर आदळले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल सांडले. उसाच्या पाचटाने भरलेल्या लांब पिशव्या शिवून हजारो नागरिकांनी तेल अडवण्याचा प्रयत्न केला. खारफुटी, प्रवाळ आणि मासेमारी यांवर झालेले परिणाम हा आता दीर्घ अभ्यासाचा विषय आहे.

सहजीवन आणि त्याची किंमत

मॉरिशसची सुट्ट्यांची यादी म्हणजे त्या समाजाचा करारनामाच आहे. थाईपूसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, रमजान ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी आणि नाताळ यांना सुट्टी असते. १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताचे आणि २ नोव्हेंबरला करारबद्ध मजुरांच्या आगमनाचे स्मरण होते. महाशिवरात्रीला पांढऱ्या वेशातले लाखो भाविक गंगा तलावाकडे पायी निघतात. सप्टेंबरमध्ये कॅथलिक धर्मगुरू पेर लावाल यांच्या समाधीकडे सर्व धर्मांचे लोक जातात. आफ्रिकी मूळ असलेला 'सेगा' हा गीतनृत्यप्रकार २०१४ मध्ये आणि भोजपुरी 'गीत-गवई' २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली.

ही घडी आपोआप बसलेली नाही, आणि ती ताणरहितही नाही. संविधानाने लोकसंख्येचे हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या' असे चार गट मानले. निवडणुकीत कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या गटांना 'बेस्ट लूझर' पद्धतीने आठ जागांपर्यंत भरपाई देण्याची सोय केली. अल्पसंख्याकांना तिने सुरक्षितता दिली. मात्र माणसाची ओळख तिने जन्मगटाला बांधून ठेवली, असा आक्षेपही घेतला जातो. गुलामांच्या वंशजांना जमीन, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत मागे राहावे लागल्याची खंत खोल आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये लोकप्रिय गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटावर कित्येक दिवस दंगली उसळल्या. त्यानंतरच्या दशकात सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी यांच्या परिणामांवरचा त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा अहवाल आणि निवडणूक पद्धतीवरची चर्चा वाचल्याशिवाय सणांच्या यादीवरून निष्कर्ष काढू नये.

रोजचे जगणे

स्थानिक विद्यार्थी बहुतांशी घरून ये-जा करतात. बाहेरून आलेले रोझ हिल, कात्र बोर्न, मोका किंवा एबेन भागात भाड्याने राहतात. २०१९ मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल अशी मेट्रो सुरू झाली, २०२२ मध्ये ती क्यूरपीपपर्यंत गेली आणि जानेवारी २०२३ पासून रोझ हिल-एबेन-रेदुई ही शाखा विद्यापीठापर्यंत पोहोचली. भारताच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या या मार्गाचे बांधकाम मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने केले. संध्याकाळनंतर बस विरळ होतात, त्यामुळे घर निवडताना मेट्रोचे स्थानक जवळ असणे सोयीचे ठरते.

जेवणाची आबाळ होत नाही. वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली 'ढोल पुरी' रस्त्यावर जोडीने मिळते, सोबत घेवड्याची भाजी आणि मिरचीची चटणी. डाळीची तिखट भजी, फराटा, तळलेल्या चिनी शेवया आणि बिर्याणी हे पदार्थ कोणत्याही एका समाजाचे राहिलेले नाहीत. शाकाहारी माणसाला इथे युरोपपेक्षा पुष्कळ सोपे जाते. आयात मालामुळे किराणा मात्र भारतापेक्षा महाग पडतो.

दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू उलटे असतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर हिवाळा. विद्यापीठाचे वर्ष ऑगस्टच्या सुमारास सुरू होते, म्हणजे पठारावर स्वेटर लागण्याच्या दिवसांत. उन्हाळा हा चक्रीवादळांचाही काळ असतो. इशाऱ्यांचे चार वर्ग आहेत. तिसरा वर्ग लागू झाला की वाहतूक आणि कामकाज थांबते आणि लोक घरात थांबतात. १९६० च्या कॅरोल वादळाने लाकडी घरे जमीनदोस्त केली, तेव्हापासून सपाट छताची काँक्रीटची घरे रूढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईत गाड्या वाहून गेल्या. इशारा गांभीर्याने घेणे हा इथल्या शिस्तीचा भाग आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी

भारतीय पर्यटकाला मॉरिशसमध्ये सहज प्रवेश मिळतो, पण शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यार्थी व्हिसा लागतो. त्याची प्रक्रिया प्रवेश देणाऱ्या संस्थेमार्फत होते. संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही तिथल्या उच्च शिक्षण आयोगाकडे नोंदलेले आहेत का, हे आधी तपासावे. परदेशी विद्यापीठाची शाखा असेल तर मूळ देशातल्या नियामकाची मान्यताही पाहावी. २०१३च्या सुमारास भारतातल्या काही विद्यापीठांच्या नावे चालणाऱ्या शाखांना भारतीय नियामकाची परवानगी नसल्याचे उघड झाले आणि विद्यार्थ्यांची वर्षे पणाला लागली.

वैद्यकीय शिक्षणात सर्वाधिक काळजी हवी. बेल रिव्ह येथील सर शिवसागर रामगुलाम वैद्यकीय महाविद्यालयात १९९९ पासून भारतीय विद्यार्थी शिकत आले आहेत. भारतात परतून व्यवसाय करायचा असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे नियम लागू होतात. त्यांनुसार नीट परीक्षेत पात्र ठरणे आवश्यक असते. अभ्यासक्रम इंग्रजीत आणि किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता मिळवावी लागते. भारतात पुन्हा पात्रता परीक्षा आणि आंतरवासिता असते. यातली एक अट चुकली तरी पदवीचा भारतात उपयोग होत नाही.

खर्चाचा हिशेब करताना शुल्क, घरभाडे, विमा आणि विमानप्रवास धरावा. पूर्णवेळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना ठरावीक तासांचे अर्धवेळ काम करता येते, पण बाजारपेठ लहान असल्याने त्या कमाईवर शिक्षणाचे गणित बसवू नये. कायदा, सागरशास्त्र, ऊस आणि ऊर्जा, संवर्धन, क्रिओल भाषाशास्त्र, स्थलांतराचा इतिहास या विषयांसाठी मॉरिशसची निवड विचारपूर्वक करता येते. ज्या विषयात बेटाचा काही विशेष हातभार नाही, तिथे भारतातल्या चांगल्या संस्थेशी तुलना करूनच निर्णय घ्यावा.